जुने रंगीत टीव्ही जमवताना आणि दुरुस्त करताना : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशाने मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. टीव्ही हा छंद. सध्या घरात चौदा रंगीत संच आहेत. त्यातले नऊ चालतात, तीन चालतील, आणि दोन निव्वळ माझ्या हट्टापायी आहेत. भेटणारे लोक तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

'जुना' म्हणजे नेमका किती जुना?

माझी रेघ १९८२ ते १९९२ अशी आहे. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आलं. त्या वर्षीचं १५ ऑगस्टचं लाल किल्ल्यावरचं भाषण रंगीत दिसलं, आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धांनी लोकांना रंगीत संचाची खरी हाव लावली. मुंबई केंद्र त्याच्या दहा वर्षं आधीचं, २ ऑक्टोबर १९७२चं, पण ते तेव्हा कृष्णधवल. मोठ्या केंद्रांपासून लांबच्या बहुतेक शहरांना वाट बघावी लागली. ऑगस्ट १९८३मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला, १९८४मध्ये देशभर लहान प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले आणि मग गच्च्यांवर अँटेनांचं पीक आलं.

त्या काळातला संच ओळखायला सोपा. पुढे आठ किंवा बारा बटणं, खाली एक छोटं दार, दारामागे प्रत्येक चॅनल लावायची बारीक चाकं. कॅबिनेट लाकडी किंवा लाकडासारखं दिसणारं. मागे फक्त अँटेनाचं भोक; पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची सोय बहुतेकांना नाही. १९९२नंतर केबल आली, रिमोट आला, काळे प्लॅस्टिकचे डबे आले. तेही कुणी जमवत असेल तर आनंदच आहे, पण माझा जीव त्यांच्यात रमत नाही.

कुठल्या कंपन्यांचे संच सापडतात?

ओनिडा, व्हिडिओकॉन, बीपीएल, फिलिप्स, वेस्टन, क्राउन, नेल्को, बुश, टेक्सला, मद्रासकडचे डायनोरा आणि सॉलिडेअर, केरळचा केल्ट्रॉन, उत्तर प्रदेशचा अपट्रॉन. सुरुवातीचे बरेच संच परदेशातून आलेल्या भागांतून इथे जोडलेले, त्यामुळे डबा देशी आणि आतलं डोकं जपानी किंवा युरोपी असा प्रकार असतो. बीपीएलच्या आत सान्यो, व्हिडिओकॉनच्या आत तोशिबा, ओनिडाच्या आत जेव्हीसी. दुरुस्तीत हे माहीत असणं फार कामाचं, कारण सर्किटची आकृती सापडली तर त्या नावाने सापडते.

सोलापूरची गंमत अशी की आपण दोन बाजारांच्या मधे आहोत. व्हिडिओकॉन औरंगाबादचा, म्हणजे घरचा. आणि हैदराबाद साधारण तीनशे किलोमीटरवर, तिथल्या ईसीआयएल या सरकारी कंपनीचे 'ईसी' टीव्ही. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांचे पाहुणे-रावळे तिकडचे असल्याने 'ईसी' संच मला साखर पेठेत, अशोक चौकात मिळाले. पुण्यातल्या माझ्या मित्राला ते बघायलाही मिळत नाहीत.

सोलापुरात हे मिळतात तरी कुठे?

माळ्यावर. खरंच सांगतो, दुकानात शोधू नका. जुन्या पेठांतल्या वाड्याची वाटणी होते, घर पाडून इमारत उठते, तेव्हा ते खाली येतात. भंगारवाल्याकडे पोचेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, कारण तो सगळ्यात आधी योकची, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या मानेभोवतीची, तांब्याची गुंडाळी काढतो आणि ती ओढताना ट्यूबची मान मोडते. मान मोडली की संच संपला.

माझा सगळ्यात चांगला संच, १९८४च्या आसपासचा २० इंची, बाळीवेशीतल्या एका काकूंनी दिला. म्हणाल्या, "नेऊन टाक बाबा, जागा अडवालंय नुसतं." मी नेताना मात्र दारापर्यंत आल्या आणि त्यावरचं क्रोशाचं कव्हर काढून घेतलं. ते द्यायचं नव्हतं त्यांना.

घेताना काय तपासायचं?

रंग उडालेला, बटण तुटलेलं, लाकूड फुगलेलं, हे सगळं नंतर बघता येतं. आधी दोन गोष्टी बघा.

पहिली, ट्यूब. मागून टॉर्च मारून मानेतली गन (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) बघा. मानेच्या आतल्या बाजूला चांदीसारखा किंवा काळसर-तपकिरी चकचकीत डाग दिसत असेल तर तो शाबूत हवा. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा गेली, निर्वात संपली. तो संच फक्त सुट्या भागांसाठी घ्यायचा.

दुसरी, आतलं किट, म्हणजे सगळं सर्किट, कंपनीचंच आहे का. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. साधारण २०००नंतर जुन्या टीव्हीत बिघाड आला की दुरुस्तीवाले मूळ पीसीबी, म्हणजे भाग जोडलेली पाटी, उपटून काढायचे आणि 'चायना किट' बसवायचे. एकच छोटं सर्किट, कुठल्याही ट्यूबला चालणारं, सोबत रिमोट. ग्राहक खूश, कारण शंभर चॅनल आणि रिमोट. मेकॅनिक खूश, कारण अर्ध्या तासात काम. त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. तेव्हा टीव्ही हा टीव्ही होता, वारसा नव्हता. पण आज तुम्ही १९८४चा संच म्हणून घेता आणि आत २००७चं किट निघतं, तेव्हा तुमच्या हाती फक्त लाकडी पेटी आणि काच येते.

ओळखायचं कसं? पुढची बटणं दाबून काही होत नाही आणि रिमोटचा डोळा कुठेतरी डिंकाने चिकटवलेला असेल तर समजा. मागच्या जाळीतून बघा, मोठ्या चेसिसच्या (मूळ सर्किटच्या सांगाड्याच्या) जागी हाताच्या पंजाएवढा पीसीबी एका कोपऱ्यात अडकवलेला दिसेल. बंद पडलेला पण कंपनीच्या किटचा संच आणि झकास चालणारा चायना किटचा संच समोर ठेवलेत, तर मी डोळे झाकून बंद असलेला उचलेन.

एकदा एका दुकानात मी स्वतः असा संच दुरुस्तीला दिला होता. चार दिवसांनी गेलो तर टीव्ही सुरू, मालक हसतोय, रिमोट हातात देतोय. "जुनं किट कुठंय?" विचारलं तर भंगारात. त्या दिवसापासून संच बाहेर देणं बंद केलं आणि हातात सोल्डर गन घेतली.

घरी आणला. पिन लावून बघू का?

नका. दहा-पंधरा वर्षं बंद असलेला संच सरळ २३० व्होल्टवर लावणं म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवून धावायला लावणं. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले किंवा आतून ढिले पडलेले असतात. एखादा शॉर्ट झाला की तो जाताना पॉवरचा ट्रान्झिस्टर, त्याच्यासोबत लाइन आउटपुटचा ट्रान्झिस्टर, आणि नशीब वाईट असेल तर एलओटी, म्हणजे उच्च दाब तयार करणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. एलओटी गेला की तुमचं पुढचं वर्ष त्याच्या शोधात जातं.

आमच्या भागात एक जुने टीव्ही मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मला त्यांचं पहिलं वाक्य होतं, "कव्हर काढलं की आधी वास घ्यायचा, मीटर नंतर." सुकलेल्या कपॅसिटरचा माशासारखा वास, जळक्या रेझिस्टरचा वास, उंदराच्या मुताचा वास, प्रत्येकाचं निदान वेगळं.

माझा क्रम असा. कव्हर काढून धूळ साफ. मग डोळ्यांनी तपासणी: फुगलेले कपॅसिटर, तडकलेला सोल्डर, काळी पडलेली जागा. मुख्य फिल्टर कपॅसिटर काढून मीटरवर तपासतो. लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे बीयू २०८ जातीचा, शॉर्ट आहे का बघतो. फ्यूज बघतो; त्यावर कुणी तांब्याची तार गुंडाळलेली असेल (निम्म्या संचांत असते) तर ती काढून योग्य मापाचा फ्यूज. हे सगळं झाल्यावर सिरीज बल्बवर, म्हणजे मेन्स आणि संच यांच्या मधे बल्ब जोडून, पहिला करंट.

सिरीजला शंभर वॅटचा फिलामेंटचा बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. हल्ली टीव्हीपेक्षा तो बल्ब शोधायला जास्त फिरावं लागतं. लावण्याआधी डीगॉसिंग कॉइलची (ट्यूबवरचं चुंबकत्व पुसणाऱ्या गुंडाळीची) पिन काढून ठेवा, नाहीतर ती सुरुवातीला इतका करंट ओढते की बल्ब पेटतो आणि तुम्ही उगाच शॉर्ट शोधत बसता. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटलेलाच राहिला तर बंद करा, आत शॉर्ट आहे.

डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज वाढवलं तर?

व्हॉल्व्हच्या रेडिओवर ही सवय लागलेले लोक इथेही तेच करतात. रंगीत संचांत बहुतेक एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचं पॉवर सर्किट, असतं. कमी व्होल्टेजवर ते धड सुरू होत नाही आणि जास्त करंट ओढायचा प्रयत्न करतं. त्यात ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. डिमरस्टॅट रेडिओवाल्यांकडेच राहू द्या.

उच्च दाबाची भीती वाटते. खरंच जिवाला धोका आहे का?

आहे, आणि भीती वाटते हे चांगलं लक्षण आहे.

२० इंची ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे उच्च दाबाची तार ट्यूबला लागते तिथे, २० ते २५ हजार व्होल्ट असतात. ट्यूब स्वतःच एक मोठा कपॅसिटर असल्याने संच बंद केल्यावरही ते तिथे राहतात. पण माझ्या मते ॲनोडपेक्षा धोकादायक मुख्य फिल्टर कपॅसिटर, साधारण ३२५ व्होल्टचा. ॲनोडचा झटका तुम्हाला मागे फेकतो आणि टीव्ही पाडतो. फिल्टरचा झटका हात सोडत नाही. शिवाय बहुतेक संचांत चेसिसचा पॉवरकडचा भाग सरळ मेन्सला जोडलेला, त्यामुळे 'अर्थ' समजून हात लावाल तिथेच करंट असतो. यासाठी संचाला मेन्सपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या. सिरीज बल्ब संचाला वाचवतो, तुम्हाला वाचवत नाही, हे इथे लोक कायम विसरतात.

ट्यूब डिस्चार्ज करायची पद्धत: ट्यूबच्या मागच्या काळ्या लेपावरून जी जाळीदार उघडी तार गेलेली असते, तिला एक वायर घट्ट बांधा. वायरचं दुसरं टोक लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरला. एक हात खिशात. टोक ॲनोडवरच्या रबराच्या टोपीखाली सरकवा, 'टक्' आवाज येईल. पाच-दहा मिनिटांनी परत करा, कारण काच थोडा चार्ज पुन्हा वर आणते. मी दुसऱ्यांदा करायचा आळस केला होता. कोपर जाऊन टेबलावर आदळलं, त्याची खूण अजून आहे.

आणि ट्यूब मानेला धरून उचलायची नाही. आत निर्वात आहे. २१ इंची ट्यूबच्या नुसत्या समोरच्या काचेवर हवेचा भार टनाच्या वर असतो.

सोलापूरच्या संचांत काही वेगळं आढळतं का?

हा माझा आवडता प्रश्न आहे.

मुंबईहून आलेला संच उघडला की गंज दिसतो: स्क्रू लाल, ट्यूनरचा डबा बुरसटलेला, तांब्यावर हिरवट थर. सोलापूरचा संच उघडला की लोखंड नवं, लाकूड कोरडं, पण कपॅसिटर सुकून खडखडीत. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो. त्यावर टीव्हीची स्वतःची ऊब, आणि वर ते क्रोशाचं कव्हर जाळी झाकून बसलेलं. कपॅसिटरबद्दल ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून इथल्या संचात मी तपासत बसत नाही, एलओटी आणि व्हर्टिकलच्या (चित्र वर-खाली पसरवणाऱ्या भागाच्या) आसपासचे लहान इलेक्ट्रोलिटिक सगळेच बदलतो. नवे घेताना ८५ अंशांचे नाही, १०५ अंशांचे घेतो.

दुसरी गोष्ट धूळ. उच्च दाबाच्या भागाकडे धूळ आपोआप ओढली जाते, हे सगळीकडेच. पण पूर्व भागात जिथे घरातच माग होते, तिथल्या संचांत धुळीसोबत कापसाचे तंतू असतात. ट्यूबवर, एलओटीवर, हीट सिंकच्या फटींत तंतूंची इतकी घट्ट गादी बसलेली असते की आत सोलापुरी चादरच अंथरलीय असं वाटावं. ती गादी उष्णता कोंडून ठेवते, आणि पावसाळ्यात ओल धरली की त्यावरून ठिणगी चालते. फुंकणीने ती निघत नाही. मऊ ब्रश आणि व्हॅक्युम क्लीनर, दोन्ही एकत्र. अंगणात करा. मी पहिल्यांदा हॉलमध्ये केलं होतं.

तिसरी गोष्ट पाली. दोन पिनांना एकदम टेकून गेलेली वाळकी पाल मला तीन संचांत सापडली आहे. बिघाडाचं कारण एका नजरेत कळतं, इतकंच त्यातलं समाधान.

पडद्यावर मधोमध एकच पांढरी आडवी रेघ येते.

व्हर्टिकल गेलं. ब्राइटनेस लगेच एकदम कमी करा, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची भाजेल. मग व्हर्टिकल आयसीच्या पायांचा सोल्डर बघा. निम्म्या वेळा ड्राय सोल्डर निघतो आणि काम पाच मिनिटांत होतं. नाहीतर त्याला येणारा पुरवठा, त्याच्याजवळचा कपॅसिटर, आणि सगळ्यात शेवटी आयसी. एलए ७८३० किंवा टीडीए ३६५१ जातीचे आयसी अजून मिळतात.

चित्र येतं, पण रंग नाहीत.

आधी स्वतःला विचारा, सिग्नल 'पाल' (PAL) या आपल्याकडच्या रंगपद्धतीचा आहे का? हल्ली लोक एचडीएमआयचा सिग्नल बदलणारी छोटी डबी वापरतात. तिच्यावर एनटीएससी (अमेरिकी पद्धत) आणि पाल असा खटका असतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला असतो. आपला संच ६२५ रेषांचा, सेकंदाला ५० फील्डचा. अमेरिकी पद्धतीचा सिग्नल दिला की चित्र काळं-पांढरं येतं, वर लोळतंही. तीन महिने संच उघडून बसलेल्या एकाला मी फोनवर खटका सरकवायला सांगितला. तो आता माझ्याशी फारसा बोलत नाही.

सिग्नल बरोबर असेल तर रंगाच्या विभागात जा. पाल ही पद्धत जर्मनीत टेलिफुंकनमध्ये वॉल्टर ब्रुख यांनी काढली. कल्पना फार देखणी आहे. एका ओळीत रंगाचा एक घटक सुलटा पाठवायचा, पुढच्या ओळीत उलटा. संच आधीची ओळ एका डिले लाइनमध्ये जवळपास ६४ मायक्रोसेकंद थांबवतो आणि नव्या ओळीत मिसळतो. वाटेत झालेली चूक दोन्हीकडे उलटसुलट असल्याने एकमेकींना खाऊन टाकते. ती डिले लाइन म्हणजे काचेचा एक चपटा तुकडा, ज्यातून सिग्नल ध्वनीलहर बनून फिरतो. चाळीस वर्षांपूर्वी सामान्य घरात ही वस्तू होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

रंग अजिबात नसतील तर ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि त्याचा ट्रिमर बघा. क्रिस्टल भरकटला की संचातला 'कलर किलर' रंग मुद्दाम बंद करतो. चुकीच्या रंगापेक्षा काळं-पांढरं बरं, असा त्याचा विचार. रंग येतात पण बारीक आडव्या पट्ट्या दिसतात, तर डिले लाइनची जुळणी बिघडली आहे. तिथला प्रीसेट (जुळणीचा बारीक स्क्रू) फिरवण्याआधी त्याची मूळ जागा पेनाने खूण करा.

कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग आहे. ट्यूब गेली का?

बहुधा नाही. शेजारी स्पीकर किंवा इन्व्हर्टर असेल तर हलवा. ट्यूबमधली पोलादी चाळणी चुंबकाळली की असं होतं. सुरू करताना जो 'थड्ड्' आवाज येतो तो तीच चाळणी स्वच्छ करणाऱ्या कॉइलचा. आवाज येत नसेल तर पोझिस्टर, म्हणजे त्या कॉइलचा करंट सांभाळणारा भाग, बदला, स्वस्त आहे. मानेवरच्या गोल चुंबकी कड्या मात्र फिरवू नका. कारखान्यात रंग लावून पक्क्या केलेल्या असतात. एकदा फिरल्या की लाल, हिरवा, निळा पुन्हा एकत्र आणताना रविवार जातो, आणि पुढचाही.

चॅनल लावलं की थोड्या वेळाने आपोआप सरकतं, मुंग्या येतात.

दारामागच्या त्या चाकांमध्ये धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वीसेक वेळा मागेपुढे फिरवा. तरी सरकत असेल तर ट्यूनिंगचा ३३ व्होल्टचा स्थिर पुरवठा बघा.

सोनीच्या ट्यूबवर एक-दोन अगदी बारीक आडव्या सावल्या दिसतात.

ट्रिनिट्रॉन आहे तो. आतल्या उभ्या तारा थरथरू नयेत म्हणून आडवी तार ताणलेली असते, तिची सावली. दुरुस्त करायचं काही नाही.

चित्र अंधुक, चिखलासारखं. कुणी म्हणतं ट्यूब 'चार्ज' करून मिळते. करू का?

ट्यूब म्हातारी झाली म्हणजे गनच्या कॅथोडवरचा लेप थकला. चार्ज करताना हीटरला ६.३ व्होल्टपेक्षा जास्त देतात आणि गनमधून जोराचा करंट नेऊन वरचा मेलेला थर जाळतात. कधी ट्यूब वर्षभर तरुण होते, कधी पंधरा दिवस, आणि कधी त्याच टेबलावर मरते. नव्या रंगीत ट्यूब आता बनत नाहीत. एके काळी आपल्या देशात सॅमटेलसारखे कारखाने त्या बनवत होते, तो काळ गेला. म्हणून मी अंधुक ट्यूब अंधुकच ठेवतो. रात्री दिवे मालवून बघतो, छान दिसते. त्यातूनही करायचंच असेल तर आधी गनचे स्क्रीन आणि कटऑफ प्रीसेट तपासा; कित्येकदा ट्यूब ठीक असते आणि मानेवरच्या बेस पीसीबीतल्या एखाद्या रेझिस्टरचं मूल्य वाढलेलं असतं.

भाग कुठून आणता?

साधे कपॅसिटर, ट्रान्झिस्टर सोलापुरातच मिळतात. बाकीसाठी पुण्याची तपकीर गल्ली आणि हैदराबादची कोटीतली गुजराती गल्ली. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री परत, असं मी पुणं कित्येकदा केलं आहे. एलओटीसाठी नंबर लिहून नेऊ नका, जुना भाग काढून सोबत न्या. नंबरातलं एक अक्षर चुकलं की पिनांची मांडणी वेगळी निघते. पुण्याच्या जुन्या बाजारात नशिबाने अख्खा चेसिस मिळतो. अण्णांसारख्या दुकान आवरत आलेल्या मेकॅनिककडे मात्र मागायला जाऊ नका, बसायला जा. तिसऱ्या चहाला ते स्वतःच खालचा खण उघडतात.

मूळ किट काही केल्या दुरुस्त होत नाही. तरीही चायना किट टाकायचं नाही?

टाका, घरात टीव्ही हलता-बोलता हवा असेल तर टाका. पण मूळ चेसिस काढताना वायरी कापू नका, कनेक्टर सोडवा, फोटो काढा, प्रत्येक तारेला चिठ्ठी लावा आणि तो चेसिस त्याच कॅबिनेटच्या तळाशी कापडात गुंडाळून ठेवा. उद्या कुणाच्या तरी हाती तो एलओटी लागेल.

दुरुस्त झाल्यावर त्यावर बघायचं काय? अँटेनावर तर काही येत नाही.

दूरदर्शनचं ते जुनं जमिनीवरचं प्रक्षेपण बंद झालं, त्यामुळे नुसती अँटेना लावाल तर मुंग्याच दिसतील. (मला त्या मुंग्याही आवडतात, पण पाहुण्यांना आवडत नाहीत.) फ्री डिशचा बॉक्स घ्या आणि मधे एक आरएफ मॉड्युलेटर (चित्र-आवाजाचा अँटेनासारखा सिग्नल करणारी डबी) लावा. घरात जुना व्हीसीआर पडला असेल तर तोच मॉड्युलेटरचं काम करतो: बॉक्स व्हीसीआरला, व्हीसीआर टीव्हीच्या अँटेनाला. एक अडचण येते. बरेच व्हीसीआर यूएचएफ या वरच्या पट्ट्यावर सिग्नल देतात, आणि सुरुवातीच्या काही संचांत फक्त व्हीएचएफ हा खालचा पट्टा आहे. तिथे व्हीएचएफवर देणारा मॉड्युलेटरच लागतो. मागे चपट्या वायरचे दोन स्क्रू असतील तर ३०० ओहमचं ७५ ओहम करणारा 'बालून' नावाचा छोटा जोडही लागेल, अँटेनाच्या जुन्या दुकानांत मिळतो.

सगळ्यात मजा व्हिडिओ कॅसेटची. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन सिनेमे बघण्याची सवय ज्यांची होती, त्यांना घरी बोलावून एकदा तशी कॅसेट लावून दाखवा. आणि पोरांच्या जुन्या व्हिडिओ गेमची पिस्तूल फक्त अशाच ट्यूबवर चालते, सपाट टीव्हीवर नाही.

संच सुरू असताना बारीक शिट्टी येते म्हणतो मुलगा. मला ऐकू येत नाही.

सेकंदाला १५,६२५ वेळा आडवी रेघ ओढली जाते, तिची शिट्टी. वय झालं की ती ऐकू येत नाही. मलाही येत नाही. सगळं ठीक आहे.

कॅबिनेट पिवळं पडलंय. पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवू का?

सोलापूरच्या उन्हात? मी एक पुढची चौकट अशीच एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवली, संध्याकाळी ती ताटलीसारखी वाकली होती. करायचं तर डिसेंबरात, सकाळच्या कोवळ्या उन्हात. खरं तर पिवळेपणाला माझी हरकत नाही. लाकडी कॅबिनेटला पॉलिश करताना कंपनीच्या नावाची पट्टी आधी काढून ठेवा, आणि तळाला वाळवी आहे का ते ठोकून बघा.

अमेरिकेतल्या गोल ट्यूबच्या टीव्हीबद्दल वाचलं. तसा मागवावा का?

नुसतं वाचण्यात सुख आहे. तिकडे रंगीत पद्धतीला डिसेंबर १९५३मध्ये मान्यता मिळाली, आणि १९५४मध्ये आरसीए कंपनीचा सीटी-१०० हा संच आला: १५ इंची गोल ट्यूब, तिसाच्या वर व्हॉल्व्ह, किंमत हजार डॉलर. उरलेल्या संचांतल्या पुष्कळ ट्यूबमध्ये हवा शिरली आहे. त्यांचा करंट ११७ व्होल्टचा, सिग्नल वेगळा. जहाजातून काच आणायची, वर कस्टम. आपले १९८२नंतरचे संच ट्रान्झिस्टर आणि आयसीचे असल्याने त्यांच्या तुलनेत पोरखेळ आहेत, आणि ते आपल्याच माळ्यावर आहेत.

वीज किती खातो?

२० इंची संच साधारण ८० ते १०० वॅट. चौदा एकदम लावत नाही.

अगदीच निकामी संचाचं काय करायचं?

कामाचे भाग काढा, पण ट्यूब फोडू नका. काचेत शिसं आहे, आतली पावडर श्वासात जाता कामा नये. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे गेली पाहिजे. भंगारवाला दोन पैसे जास्त देईल, पण तो ती ओढ्याकाठी फोडतो.

घरचे काय म्हणतात?

चौदाव्या संचाला म्हणाले, "आता हा आत आला तर एक बाहेर." सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गर्दीतून पाहुणे आले की मात्र तेच लोक मोठ्या कौतुकाने नव्वद सालचा ओनिडा सुरू करून दाखवतात, आणि शिंगंवाल्या सैतानाची जाहिरात कुणाला आठवते ते विचारत बसतात.

आमच्या माळ्यावर एक आहे. घ्याल का?

कळवा, येऊन बघतो. पण मी येईपर्यंत पिन लावू नका, आणि कुणी 'किट बदलून चालू करून देतो' म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.